छोट्या तेरेजाची आई – संत झेली मार्टिन



बाळ येशूची संत तेरेजा, म्हणजे आपली छोटी तेरेजा, आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी कितीतरी घरांत आल्तारावर आहे. पण ही फुले ज्या अंगणात फुलली त्या अंगणाची, म्हणजे तिच्या आईची ओळख आपल्याला फारशी नसते. ती आईही आज संतपदी आहे. तिचे नाव झेली मार्टिन. पती लुई मार्टिन ह्यांच्यासह १२ जुलै रोजी तिचा सण येतो.

झेलीचे चरित्र सांगताना बहुतेक जण तिच्या नऊ बाळंतपणांविषयी आणि पाच धर्मभगिनी झालेल्या मुलींविषयी सांगतात. तिच्या दुखण्याविषयी मात्र एका वाक्यात उरकतात: ती स्तनाच्या कर्करोगाने वारली. आम्हांला ह्या वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे. कारण त्या दुखण्यात आपल्या घरांतील लेकी-सुनांसाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चर्चच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण प्रभू येशूने आईच्या उदरात देह धारण केला आणि तो आईच्याच दुधावर वाढला. त्या देहाविषयी बोलायला आपण लाजण्याचे कारण नाही.

बालपण आणि लेसचा धंदा

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, अलाँसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. दुसऱ्याच दिवशी, नाताळच्या पूर्वसंध्येला, तिला स्नानसंस्कार मिळाला. वडील नेपोलियनच्या काळातले जुने सैनिक, पुढे पोलीस दलात शिपाई. आई धार्मिक, पण स्वभावाने कडक. घरात शिस्त भरपूर होती, माया दाखवण्याची रीत नव्हती. तीन भावंडे: मोठी बहीण, मधली झेली आणि धाकटा भाऊ इझिदोर. १८४४ साली कुटुंब अलाँसों शहरात राहायला आले.

वयात आल्यावर झेलीला धर्मभगिनी व्हायचे होते. रुग्णांची सेवा करणाऱ्या संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांच्या भगिनींकडे ती गेली. परंतु तिला श्वासाचा आणि डोकेदुखीचा त्रास होता. मठाच्या प्रमुख भगिनीने तिला नकार दिला. झेलीला वाईट वाटले, पण ती रडत बसली नाही. पोट भरण्यासाठी काहीतरी हुन्नर हवा, म्हणून ती अलाँसोंची प्रसिद्ध लेस शिकली.

ही लेस सुईने आणि अतिशय बारीक धाग्याने करतात. एक चौरस सेंटीमीटर भरायला सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने ह्या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. वेगवेगळ्या बायका आपापल्या घरी लेसचे लहान तुकडे करत आणि मग ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा बेताने एकमेकांना जोडावे लागत. हे जोडकाम सर्वांत कठीण आणि त्यातच झेलीचा हात बसलेला होता. वयाच्या बावीसाव्या वर्षाच्या आतच तिने स्वतःचा धंदा उभा केला. दर गुरुवारी कामकरी बायका तिच्या घरी येत, झालेले काम देत, नवे नेत. त्यांची मजुरी ती कधी अडवत नसे. कोणी आजारी पडली तर रविवारी विचारपूस करायला स्वतः जात असे.

लुईची सोबत

लुई मार्टिन हा त्याच शहरातला घड्याळजी. त्यालाही तरुणपणी मठात जायचे होते, पण लॅटिन येत नसल्यामुळे त्याला परत पाठवण्यात आले होते. मठाने परत पाठवलेली ही दोन माणसे १८५८ साली भेटली आणि तीनच महिन्यांत, १२ जुलैच्या मध्यरात्री, म्हणजे १३ जुलैच्या पहिल्या प्रहरी, अलाँसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये विवाहबद्ध झाली. तेव्हा झेली सव्वीस वर्षांची होती.

लेसच्या धंद्याला पुढे इतकी बरकत आली की १८७० साली लुईने आपले घड्याळांचे दुकान भाच्याला दिले आणि तो बायकोच्या धंद्यात हिशेब आणि मालाची ने-आण पाहू लागला. दीडशे वर्षांपूर्वी पुरुषाने असे करणे साधी गोष्ट नव्हती. पतीपत्नी दोघेही पहाटे साडेपाचच्या मिस्साला जात. त्यांच्या घराचे दार गरिबांना उघडे असे. रविवारी दुकान बंद राही, गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

झेलीला नऊ मुले झाली. मारी, पोलीन, लेओनी, एलेन, मग दोन मुलगे, दोघांचेही नाव जोसेफ, मग सेलीन, मेलानी आणि शेवटी १८७३ साली तेरेजा. ह्यांपैकी चार मुले गेली. दोन्ही जोसेफ वर्षाच्या आत गेले. गोड स्वभावाची एलेन पाच वर्षांची होऊन गेली. मेलानी अवघ्या दोन महिन्यांची असताना गेली. साडेतीन वर्षे आणि काही महिने एवढ्या काळात त्या घरातून चार लहान शवपेट्या निघाल्या. त्याच सुमारास तिचे वडीलही वारले. काही बायका तिला म्हणत की, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. ते तिला मुळीच पटत नसे. मुले स्वर्गात आहेत आणि आपण त्यांना परत भेटू, ह्याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. पण म्हणून तिचे दुःख कमी होते असे नाही. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना जाणवते की ही बाई थकत होती, घाबरत होती, हसतही होती. संत म्हणजे दगडाचे काळीज नव्हे.

छातीतील गाठ

आता आपण त्या दुखण्याकडे येऊ. ऑक्टोबर १८६४ मध्ये एलेनचा जन्म झाला. ह्या बाळाला अंगावर पाजणे झेलीला जमेना आणि एलेनला दूध पाजणाऱ्या दाईकडे ठेवावे लागले. बाळ सहा महिन्यांचे असताना, एप्रिल १८६५ मध्ये, झेलीने भावाला पत्र लिहिले. इझिदोर तेव्हा पॅरिसमध्ये औषधशास्त्राचे शिक्षण घेत होता. तिने त्याला कळवले की, आपल्या स्तनात एक गाठ आहे, ती आता थोडी दुखू लागली आहे आणि आपल्याला काळजी वाटते. मुलगी असताना टेबलाच्या कोपऱ्यावर छाती आपटली होती, त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही, हेही तिने लिहिले.

पुढे तिने जे लिहिले ते प्रत्येक घरातल्या पुरुषांनी नीट ऐकावे. शस्त्रक्रिया करायची असेल तर आपली तयारी आहे, असे तिने कळवले. गावातल्या डॉक्टरांवर पुरता भरवसा नाही, तू पॅरिसला आहेस तोवर तिथे करून घेतलेली बरी, असेही सुचवले. अडचण एकच होती. तेवढे दिवस नवऱ्याचे आणि घराचे कसे होईल?

त्या वेळी तिला तेहतीस वर्षे पूर्ण झाली होती. घरात चार लहान मुली आणि डोक्यावर लेसच्या मागण्या. शस्त्रक्रिया झाली नाही. दिवस गेले, वर्षे गेली. एकामागून एक आणखी पाच बाळंतपणे झाली. गाठ होती तिथेच राहिली.

बंधूभगिनींनो, झेली गप्प बसली होती असे आपण म्हणू शकत नाही. ती बोलली होती. वेळेवर बोलली होती आणि योग्य माणसाशी बोलली होती. पण तिच्यापाशी एक कारण तयार होते: टेबलाचा मार. आणि तिच्यापाशी एक अडचणही तयार होती: घर. कारण हाताशी असले की माणसाचा शोध थांबतो. अडचण हाताशी असली की माणसाचे पाऊल थांबते. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे ती पहिलीमुळेच घडली असे होत नाही, हा तर्कशास्त्रातला पहिल्या वर्षाचा धडा आहे. मार लागल्याने स्तनाचा कर्करोग होत नाही, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. अकरा वर्षांनी जो रोग दिसला तो ह्याच गाठीतून वाढला की कसे, ह्याचा निवाडा आज कोणी करू शकणार नाही. त्या काळी गाठीचा तुकडा काढून तपासण्याची सोय तिला नव्हती. पण एका ओल्या बाळंतिणीच्या छातीतील गाठ कोणीही नीट तपासली नाही, एवढे मात्र खरे.

दुधासाठी पायपीट

ह्या दुखण्याचा पहिला चटका झेलीच्या मुलांना बसला. अंगावरचे दूध नाही म्हणून बाळे दाईकडे द्यावी लागत. आजच्यासारखे दुधाचे डबे तेव्हा नव्हते आणि वरच्या दुधावर वाढणारी मुले फार दगावत. मेलानीच्या दाईने बाळाची हेळसांड केली. ते कळताच झेलीने बाळाला घरी आणले, पण फार उशीर झाला होता.

२ जानेवारी १८७३ रोजी तेरेजाचा जन्म झाला. झेलीने ह्या बाळाला स्वतः पाजण्याची फार इच्छा धरली होती, पण ते होऊ शकले नाही. बाळाची आतडी बिघडली, ते वाळत चालले. मार्च महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, बाईच्या दुधाखेरीज हे मूल वाचणार नाही. लुई त्या वेळी घरी नव्हता. झेलीने कशीबशी रात्र काढली आणि पहाट होताच ती एकटी पायी निघाली. सुमारे आठ किलोमीटरवर सेमाले नावाच्या खेड्यात रोझ ताये नावाची शेतकरी बाई राहात होती. झेलीचे दोन्ही मुलगे पूर्वी तिच्याकडेच होते. रोझला घेऊन झेली परत आली.

बाळाकडे पाहून रोझने मान हलवली. झेली वरच्या खोलीत गेली आणि संत जोसेफच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकून रडली. खाली आली तेव्हा बाळ दूध पीत होते. थोड्या वेळाने ते निपचित पडले. सर्वांना वाटले, संपले. पण काही वेळाने बाळाने डोळे उघडले आणि आईकडे पाहून हसले. तेरेजा पुढे वर्षभर सेमालेला रोझच्या घरी, गाईगुरांत आणि शेतात वाढली आणि एप्रिल १८७४ मध्ये गुटगुटीत होऊन घरी परतली. ख्रिस्तसभेला एक महान संत मिळाली त्यात एका गरीब शेतकरी बाईच्या दुधाचा वाटा आहे, हे आपण विसरू नये.

उशिरा कळलेले सत्य

१८७६ च्या अखेरीस गाठ वाढली आणि दुखणे सोसवेना. डिसेंबरमध्ये झेली अलाँसोंच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गाठ गंभीर असल्याचे सांगितले आणि एक औषध लिहून दिले. झेलीने विचारले की, ह्याचा उपयोग काय? डॉक्टरांनी हळू आवाजात कबूल केले की, उपयोग काही नाही, आजाऱ्याच्या समाधानासाठी देतो.

झेलीने घरी येऊन लुईला आणि मोठ्या मुलींना सारे खरे सांगितले. घरात रडारड झाली. लुईला मासेमारीचा फार नाद होता. त्याने आपले गळ आणि दोऱ्या माळ्यावर टाकून दिल्या आणि मित्रांकडे जाणे बंद केले. नाताळच्या सुमारास झेली लिझ्यूला गेली. भाऊ इझिदोर आता तिथे औषधांचे दुकान चालवीत होता. त्याने तिला तेथील नामांकित शल्यचिकित्सकाकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की, शस्त्रक्रिया करायला आता फार उशीर झाला आहे.

त्या काळात वैद्यकशास्त्राचे हात तोकडे होते. जखमेतील जंतू मारण्याची लिस्टर ह्यांची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झाली, पण ती सगळीकडे पोहोचली नव्हती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे १८६५ मध्ये झेलीची शस्त्रक्रिया झाली असती तर ती वाचली असती, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. डॉक्टरांना, भावाला किंवा लुईला दोष देण्याचाही हा प्रश्न नाही. लुईसारखा प्रेमळ पती विरळा. पण प्रेमळ घरातही आईचे दुखणे सर्वांत शेवटी मोजले जाते, हे त्या घरातही दिसते आणि आपल्या घरांतही दिसते.

लुर्डची यात्रा आणि मरण

फेब्रुवारी १८७७ मध्ये झेलीची मोठी बहीण वारली. ती ल माँ येथील मठात धर्मभगिनी होती आणि झेलीची जिवाभावाची सखी होती. त्यानंतर जूनमध्ये मारी, पोलीन आणि लेओनी ह्या तीन मुलींना घेऊन झेली लुर्डच्या यात्रेला निघाली. प्रवास लांबचा आणि फार हालाचा झाला. लुर्डच्या कुंडात तिने चार वेळा स्नान केले. गाठ कमी झाली नाही, वेदना थांबल्या नाहीत. मुलींची निराशा झाली. घरी लुई बरे झाल्याच्या तारेची वाट पाहात होता. झेली मात्र हसतमुखाने परतली आणि तिनेच सर्वांना धीर दिला.

तिला जगायचे होते. विशेषतः लेओनीसाठी जगायचे होते. ही मुलगी हट्टी, अभ्यासात मागे, शाळेतून परत पाठवलेली. घरातली मोलकरीण तिला गुपचूप धाकात ठेवत होती, हे त्याच वर्षी उघडकीस आले. मरणाच्या दारातल्या आईने तेव्हा लेओनीला जवळ घेतले आणि मुलगी हळूहळू उमलू लागली. पुढे हीच लेओनी अनेकदा अपयश आल्यानंतर कां शहरातील मठात धर्मभगिनी झाली आणि २०१५ साली तिलाही संतपद मिळावे म्हणून ख्रिस्तसभेने प्रक्रिया सुरू केली.

झेलीने हातातील लेसचे काम शक्य तोवर सोडले नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला ती नवऱ्याच्या आणि मुलीच्या आधाराने मिस्साला गेली. पावलोपावली थांबावे लागत होते.  २६ ऑगस्टला तिला अंतिम अभ्यंग मिळाला. सर्व मुली खाटेभोवती गुडघे टेकून होत्या. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास तिने प्राण सोडला. ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि छोटी तेरेजा साडेचार वर्षांची. तेरेजाने पुढे आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग आणि दारात उभी केलेली ती मोठी शवपेटी ह्यांची आठवण लिहून ठेवली आहे. आईच्या मरणानंतर आपला आनंदी स्वभाव कित्येक वर्षे हरपला, असेही तिने नोंदले आहे.

त्याच वर्षी लुई मुलींना घेऊन लिझ्यूला मेहुण्याजवळ राहायला गेला. पुढे पाचही मुली धर्मभगिनी झाल्या, त्यांतील चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठात. लुई आणि झेली ह्यांना १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक धर्मपरिषद चालू असताना, पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममध्ये त्यांना संत घोषित केले. पतीपत्नीला एकत्र संतपद देण्याची ती पहिलीच वेळ होती.

झेली आपल्याला काय सांगते?

आपल्यात एक समजूत खोल रुजली आहे. दुखणे अंगावर काढणारी आई ती चांगली आई. तक्रार न करणारी सून ती गुणी सून. मग त्यावर आपण धर्माचा मुलामा देतो आणि म्हणतो, ती आपला क्रूस वाहते आहे. झेलीचे चरित्र नीट पाहिले तर ते असे सांगत नाही. तिने दुखणे लपवले नाही. तिने भावाला लिहिले, डॉक्टरांना गाठले, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले, आणि लुर्डलाही गेली. प्रार्थना आणि औषध ह्यांत तिला भांडण दिसले नाही. बायबलमध्येही बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्याची शिकवण आहे. जो क्रूस टाळता येत नाही तो प्रेमाने उचलणे ही पवित्रता. जो टाळता येतो तो निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या खांद्यावर राहू देणे हे पाप आहे, मग तो खांदा आपल्या आईचा असो की बायकोचा.

आता थोडे कामाचे बोलू. बाळंतिणीच्या छातीत दूध तुंबून गाठ होणे, स्तन लाल होऊन तापणे, थंडी वाजून ताप येणे हे नेहमीचे आहे. बहुतेक वेळा तो साधा दाह असतो आणि योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. म्हणून कोणीही घाबरून जाऊ नये. पण गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वर्षभरात क्वचित कर्करोगही होतो आणि तेव्हा तो दुधाची गाठ किंवा दाह समजला जाण्याचा धोका असतो. दुधाने भरलेल्या छातीत गाठ हाताला नीट कळत नाही आणि बाळंतिणीचे वय लहान, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. झेलीपाशी टेबलाच्या माराचे कारण तयार होते, तसे आपल्यापाशी दुधाचे कारण तयार असते.

कर्करोगाचा एक प्रकार तर हुबेहूब दाहासारखाच दिसतो. तो विरळा आहे, पण झपाट्याने पसरतो. त्यात गाठ लागतेच असे नाही. कातडी लाल आणि जाड होते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची दिसते, स्तन थोड्याच दिवसांत जड आणि मोठा होतो, स्तनाग्र आत ओढले जाते, काखेत गाठी येऊ शकतात. ताप असतोच असे नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे. औषधांचा कोर्स पूर्ण करूनही लाली किंवा सूज गेली नाही, किंवा गाठ एक-दोन आठवड्यांत विरली नाही, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा दाह होऊ लागला, तर तेच औषध पुन्हा घेत बसू नये. शेक आणि लेप ह्यांवर महिने घालवू नयेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की, सोनोग्राफी करायची का, तुकडा काढून तपासायचा का? बाळ अंगावर पीत असतानाही सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी करता येते. दुखत नाही म्हणून गाठ साधी, किंवा दुखते म्हणून साधी, ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. कर्करोग निघालाच तर दूध कधी थांबवायचे ते डॉक्टर सांगतील. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून ह्या रोगावर उपचार करीत आहे. झेलीला जे मिळाले नाही ते आपल्या मुलींना मिळू शकते, आणि लवकर गेल्यास पुष्कळ जणी बऱ्या होतात.

घरातल्या पुरुषांना आणि सासवांना आम्ही वेगळे सांगतो. झेलीच्या पत्रातला प्रश्न तुमच्याकडे आहे: मी दवाखान्यात गेले तर घराचे कसे होईल? ह्या प्रश्नाचे उत्तर बाळंतिणीने शोधायचे नसते. ते नवऱ्याने द्यायचे असते, सासूने द्यायचे असते, शेजाराने आणि धर्मग्रामाने द्यायचे असते. बाळाला कोणी सांभाळायचे, भाकरी कोणी थापायची, दवाखान्यात सोबत कोणी जायचे, ह्याची वाटणी केली की ती बिचारी निर्धास्तपणे जाऊ शकते. रोझ ताये आपले काम सोडून आठ किलोमीटर चालत आली. तशा चार-दोन रोझ आपल्या प्रत्येक वाडीत असाव्यात.

१२ जुलैच्या सणाला आपण संत लुई आणि संत झेली ह्यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामातील सर्व गरोदर मातांसाठी, बाळंतिणींसाठी आणि कर्करोगाशी झुंजणाऱ्या भगिनींसाठी प्रार्थना करू या. ज्यांच्या आया ह्या रोगाने गेल्या, त्या मुलांनाही ह्या प्रार्थनेत धरू या. तोवर थांबायचे मात्र कारण नाही. आजच मिस्साहून घरी गेल्यावर घरातल्या बाईला एकदा विचारा, तुझे काही दुखत तर नाही ना? आणि ती जे सांगेल ते बसून ऐका.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

– आपले प्रमुख धर्मगुरू